जशी करणी

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीतली गोष्ट. दर वर्षी या पानावर मी घरातल्या एखाद्या दुर्लक्षित वस्तूची चौकशी करतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. यंदाची वस्तू मी शोधली नाही. ती माझ्या डोक्यावर पडता पडता राहिली.

झाले असे, की वसुबारसेच्या आधीच्या रविवारी सौभाग्यवतींच्या आज्ञेने मी माळ्यावर चढलो. फुटक्या बरण्या, मुलांच्या पाट्या, एका पायाने अधू झालेले स्टूल आणि माझ्या एम.ए.च्या वह्या असा ऐवज खाली देत असताना एका घमेल्यातून काहीतरी घसरले आणि खणकन फरशीवर आपटले. पाहतो तो गवंड्याची थापी! पाते पानासारखे, पण झिजून झिजून एका अंगाने कमी झालेले. मूठ लाकडाची, घामाने काळी आणि गुळगुळीत. मुठीच्या टोकाशी विटा ठोकून ठोकून पडलेला खड्डा.

"भंगारवाल्याला देऊन टाका," असा निकाल खालून आला.

"राहू दे," ओसरीवरून आई म्हणाली. "ती मिस्त्रींची आहे."

थापी राहिली. तिचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी तिची ओळख करून देतो, कारण भिंतीच्या आत राहणाऱ्या आपणा मंडळींना भिंत कशाने उभी राहते याचा फारसा पत्ता नसतो.

आमच्या नेर परसोपंतकडचे मिस्त्री हिला थापी म्हणतात आणि करणीही म्हणतात. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला या दोन शब्दांचा मोठा मोह पडतो. थाप मारणे म्हणजे खोटे बोलणे, आणि करणी म्हणजे कृती. शिवाय कुणी कुणावर करतो तीही करणीच. एकाच हत्याराच्या नावात सत्य, असत्य आणि जादूटोणा असे तिन्ही प्रकार एकत्र आलेले मला दुसरीकडे दिसले नाहीत. आणखी गंमत म्हणजे गिलाव्याला आमच्या भागात 'छपाई' म्हणतात. विटांचे काम झाले, की "आता छपाई कवा करायची?" असे मिस्त्री विचारतात. मी पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा त्यांना माझ्या पुस्तकाची काळजी लागली आहे, असे समजून मी क्षणभर सुखावलो होतो!

हे हत्यार करते तरी काय काय? घमेल्यातला माल उचलते, विटेच्या थरावर पसरते, उभ्या सांध्यात कोंबते. वीट बसवली की मूठ उलटी करून दोन ठोके मारते, बाहेर आलेला माल कडेने कापून घेते आणि तोच पुढच्या विटेला लावते. अर्धी वीट हवी असली तर पात्याच्या कडेचा एक नेमका घाव पुरतो. आणि छपाईच्या वेळी तिचे खरे कसब दिसते. माल भिंतीला लावायचा नसतो, मारायचा असतो. मनगटाच्या एका हिसक्याने तो असा फेकावा लागतो, की मधली हवा निघून जाऊन तो विटांच्या सांध्यांत शिरेल. नुसता हाताने चोपडलेला माल भिंतीला चिकटल्यासारखा दिसतो, भिंतीला धरत नाही. पुढे पट्टीने सपाटी येते, लाकडी रंध्याने अंग येते, आणि कोपऱ्याकाठाला शेवटचा हात पुन्हा थापीचाच.

हे सगळे मी शहाण्यासारखे सांगतो आहे खरा, पण ते मी शिकलो ते 2019 साली, आणि त्याची फी थोडी जड पडली.

त्या साली आम्ही नेरला घर बांधले. वडिलांच्या वेळचे घर पांढऱ्या मातीचे होते. शेणामातीने लिंपलेल्या त्या भिंती उन्हाळ्यात गार राहत. पण दर पावसाळ्यात त्यांचा एखादा कोपरा खचे आणि दर दिवाळीला तो पुन्हा लिंपावा लागे. आईने हात टेकले आणि पक्के घर ठरले. मिस्त्री ठरले तेही आईच्याच ओळखीचे, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे.

त्यांच्याशी माझा पहिला वाद पायापाशीच झाला. आमच्याकडची काळी जमीन कापसाला माउली आहे, घराला मात्र सावत्र आई. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि तिच्यावर टेकलेले घर दर वर्षी थोडे वर-खाली होते. म्हणून मिस्त्री काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खोल जायचे म्हणत होते. खड्डा जसजसा खाली जाई तसतसे माझे बँकेतले पुस्तकही खाली जाई. शेवटी आईने डोळे वटारले आणि मी गप्प बसलो. तो वाद ते जिंकले, आणि घराचा पाया आजपर्यंत हललेला नाही.

दुसरा वाद मात्र मी जिंकलो.

वास्तुशांतीचा मुहूर्त वैशाखातला निघाला होता. पत्रिका छापून आल्या होत्या. समोरच्या मोठ्या खोलीची छपाई तेवढी राहिली होती, आणि मिस्त्री काही केल्या हात लावीनात. म्हणे, विटांचे सांधे बोटाच्या पेराएवढे कोरून घ्यायचे आहेत. म्हणे, काँक्रीटच्या तुळईला टाचे मारायचे आहेत. म्हणे, तुळई आणि वीटकाम जिथे मिळतात तिथे कोंबडीजाळी ठोकायची आहे. आणि या साऱ्याआधी भिंत पाण्याने भिजवायची आहे.

"सर, भीत अजून पानी प्याली नाई," ते म्हणाले. "तिले दोन दिवस पाजा. कोरडी वीट मालातलं पानी पिऊन घेते, मंग मालात काय राह्यते? आन् जाळी आना. बिना जाळीची छपाई मी करत नाई."

"अहो, पण वरून कोणाला दिसणार आहे ते?"

"वरून नाईच दिसत. उद्या फुटली त लोकं तुमाले नाई, मले नावं ठेवतीन."

बाहेर पारा 44 वर गेला होता, टँकरचे पाणी मोजून घ्यावे लागत होते आणि पाहुण्यांची यादी वाढत होती. मी चिडलो. दुसऱ्या एका टोळीला बोलावले. त्या मंडळींनी दोन दिवसांत खोली संपवली. ना टाचे, ना जाळी, ना पाणी. ओल्या गिलाव्यावर कोरडी सिमेंट भुरभुरून त्यांनी असा हात फिरवला, की भिंत आरशासारखी झाली. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने त्या भिंतीवरून हात फिरवून माझे कौतुक केले. मिस्त्रींनाही बोलावणे होते. त्यांनी टोपी-उपरणे घेतले, जेवले आणि त्या भिंतीकडे न पाहता निघून गेले.

जुलैत पहिली बारीक रेघ दिसली, अगदी तुळईच्या खालून, आडवी. मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या सूक्ष्म चिरा साऱ्या भिंतीवर उमटल्या. मी त्यांवर पुट्टी भरली, रंग दिला आणि एक दिनदर्शिका टांगली. ऑगस्टातल्या एका संध्याकाळी बाहेर पाऊस लागला होता. मी आत उत्तरपत्रिका तपासत होतो. धाडकन आवाज झाला. धावत जाऊन पाहतो, तो दारापेक्षा मोठा गिलाव्याचा तुकडा दिनदर्शिकेसह खाली आला होता, आणि तो पडला होता आईच्या खाटेवर. उशी त्याच्याखाली चेपली होती.

आई ओसरीवर सुपारी कातरत बसली होती, म्हणून. एरवी त्या वेळी ती पाठ टेकत असे.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींच्या घरी गेलो. काय बोलायचे ते वाटेत पाठ केले होते, पण त्यातले एक वाक्यही लागले नाही. त्यांनी सारे ऐकून घेतले, खुंटीवरची पिशवी काढली आणि "चाला" म्हणाले.

घरी येऊन त्यांनी आधी पडलेली जागा पाहिलीच नाही. ते उरलेल्या भिंतीपाशी गेले, थापी उलटी धरली आणि मुठीच्या टोकाने हळूहळू ठोकत निघाले. डॉक्टर छातीवर बोट ठोकून ऐकतो ना, अगदी तसे. टक, टक, टक आणि मध्येच डब्ब! तिथे ते खडूने वर्तुळ काढीत.

"इथं बोलते," ते म्हणत. "इथं बी बोलते."

"बोलते म्हणजे?"

"पोकळ हाय. मालानं भीत धरलीच नाई. भरल्या भितीचा आवाज येगळा. ते बोलत नाई."

तासाभराने भिंतीवर अठरा वर्तुळे होती. परीक्षकाने गोल करून दाखवलेल्या चुकाच जणू! मी स्वतः जन्मभर इतरांच्या वह्यांवर ती काढीत आलो. त्या दिवशी माझ्या घरावर निघाली. "मी सांगितलं होतं" हे वाक्य ते आता म्हणतील, मग म्हणतील, अशी मी वाट पाहत होतो. ते म्हणाले नाहीत. सारी भिंत खरवडून काढावी लागेल, पावसाळा उतरल्यावर करू, एवढेच त्यांनी सांगितले आणि मला एक अट घातली. छपाईनंतर निदान सात दिवस भिंतीवर पाणी मारायचे, आणि ते माझे मी मारायचे, गड्याला सांगायचे नाही.

ते सात दिवस मी सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते, हे मला तेव्हा कळले. वाळली ती कच्ची राहिली. आतल्या भिंतीवरचा गिलावा बहुधा 12 ते 15 मिलिमीटरच असतो, म्हणजे बोटाच्या जाडीएवढा. पण तेवढ्याच जाडीत बांधणाऱ्याची सारी नियत मावते.

माणूस एकदा भिंतीकडे पाहू लागला, की त्याला जिकडेतिकडे भिंतीच दिसतात. पुढच्या सुट्टीत आम्ही औरंगाबादेस, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गेलो. बीबी का मकबरा मी पूर्वी दोनदा पाहिला होता, पण तेव्हा थापी माझ्या डोळ्यांत नव्हती. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आपली आई दिलरस बानू हिच्यासाठी सतराव्या शतकात उभारलेली ही इमारत 'गरिबांचा ताजमहाल' म्हणून हिणवली जाते. संगमरवर तिथे खालच्या पट्ट्यापुरता आणि वर घुमटाला. मधला सारा भाग काळ्या दगडाचा, आणि त्यावर संगमरवरासारखा घोटलेला चुन्याचा गिलावा. लोक त्याला नक्कल म्हणतात. मला वाटले, यात फसवणूक कोणती? त्या कारागिरांनी दगड काळाच आहे हे लपवले असेल, पण आपले काम काही चोरले नाही. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ तो गिलावा ऊन-पावसाला तोंड देत आला, जागोजाग झिजला, काळवंडला, पुन्हा दुरुस्तही झाला. पण पाहणाऱ्याला अजून संगमरवराची आठवण करून देतो. माझ्या भिंतीने चार महिन्यांत दम तोडला होता. गिलावा दोघांच्याही अंगावर होता. फरक थापी धरणाऱ्या हातात होता, आणि खरे बोलायचे तर थापी धरणाऱ्याला घाई करणाऱ्या तोंडात होता.

चुना बैलांच्या घाणीत दिवसचे दिवस मळावा लागे. त्यामुळे मुहूर्तासाठी घाई करण्याची सोयच नव्हती. ती सोय सिमेंटने केली. 1824 साली या सिमेंटचे पेटंट घेणारा इंग्लंडातल्या लीड्सचा जोसेफ आस्पडिन हा काही प्राध्यापक नव्हता, वीटकाम करणारा गवंडी होता. आपल्याकडे पोरबंदरचा कारखाना 1914 मध्ये माल काढू लागला, आणि आज आमच्या विदर्भातल्या चंद्रपूर जिल्ह्यातच मोठमोठे कारखाने आहेत. एका गवंड्याच्या नावाचे पेटंट झाले. बाकीच्यांच्या नावांचे काय झाले, हे मला दोन वर्षांपूर्वी कळले.

एका सकाळी मिस्त्री दारात उभे राहिले. हातात एक कागद. तेव्हा बांधकाम कामगारांसाठी 1996 चा कायदा होता. त्याखाली 18 ते 60 वयाच्या कामगाराला नोंदणी करता येई, आणि नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळू शके. त्यासाठी मागल्या वर्षात किमान 90 दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागे. मिस्त्रींचे साठावे वर्ष तोंडावर आले होते. नातीच्या शिक्षणासाठी त्यांना नोंदणी हवी होती.

"मग घ्या की दाखला! तुम्ही तर तीनशे दिवस राबता."

"राबतो, सर. पन इथं चार दिवस, तिथं आठ दिवस. लिहून कोन ठेवते?"

शिवाय आणखी एक अडचण होती. अंगठा. रेशनच्या दुकानातले यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नव्हते. त्यांनी हात पुढे केला. मी इतकी वर्षे त्या हाताची कामे पाहिली, हात कधी पाहिला नव्हता. चाळीस वर्षे सिमेंट आणि रेती हाताळून बोटांच्या रेषा पुसून गेल्या होत्या. सिमेंटचा ओला माल कातडी खातो. रेती उरलेले घासून नेते. अंगठा गिलाव्यासारखा सपाट झाला होता. ज्याने अर्ध्या गावाच्या भिंती उभ्या केल्या, त्याची खूण त्याच भिंतींनी पुसून घेतली होती.

मी अर्ज भरायला घेतला. पहिलाच रकाना नावाचा होता. मी लेखणी टेकवली आणि थांबलो. मला त्यांचे नाव माहीत नव्हते! आडनाव ऐकले होते, बाकी काही नाही. अवतरण दिले आणि लेखकाचे नाव दिले नाही, तर मी विद्यार्थ्यांचे गुण कापतो. वाङ्मयचौर्यावर मी तासभर व्याख्यान देतो. आणि ज्यांच्या चार भिंतींत बसून ते व्याख्यान तयार केले, त्यांचे नाव मी कधी विचारले नव्हते. दारावरच्या पाटीवर माझे नाव आहे, पदवीसकट.

"मिस्त्री, तुमचं पूर्ण नाव काय?"

ते किंचित हसले. "सारं गाव मिस्त्रीच म्हनते, सर," ते म्हणाले, आणि मग त्यांनी नाव सांगितले.

पुढचे तीन रविवार आम्ही दोघे नेरमध्ये घरोघर फिरलो. मिस्त्री बोट दाखवीत, हा ओटा माझा, हे न्हाणीघर माझे, या गच्चीचा कठडा माझा. मी दार वाजवून सांगे, की यांनी तुमच्याकडे किती दिवस काम केले तेवढे लिहून सही करा. कुणी आनंदाने दिली, कुणी "कशाला भानगडीत पाडता?" म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. एका घरी मालक म्हणाले, "काम फार छान हो यांचं, भिंतीला अजून रेघ नाही." मी म्हटले, "नाव लिहा ना." ते माझ्याकडे पाहू लागले. त्यांनाही माहीत नव्हते. बारा घरांपैकी एकाही घरात ते माहीत नव्हते. मला जरा बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाज वाटली.

बारा घरांचे दिवस मिळून एकशे सात भरले. ते कागद घेऊन आम्ही अधिकाऱ्यांसमोर गेलो, दोन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेस दाखला मिळाला आणि साठावा वाढदिवस उजाडण्याआधी नोंदणी झाली. अंगठ्याऐवजी मोबाइलवर आलेला आकडा सांगूनही रेशन मिळण्याची सोय असते, हे नातीने शोधून काढले. मी आजवर पुष्कळ लिहिले, त्यातले थोडे छापूनही आले. पण "अमुक यांनी माझ्या घरी तमुक दिवस काम केले" या एका वाक्याने जेवढे काम केले, तेवढे माझ्या दुसऱ्या कुठल्याही वाक्याने केलेले नाही. त्यांचे नाव इथे देत नाही. मासिकात नाव येण्याची त्यांना हौस नाही. ते दाखल्यावर आहे, आणि आता ते माझ्या तोंडीही आहे.

थापी मात्र ते नवी घेतल्यावर आमच्या घमेल्यात विसरून गेले होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईने पाटावर केरसुणी मांडली, तिला हळदकुंकू वाहिले आणि शेजारी ती झिजकी थापी ठेवली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले. कुणी काही बोलले नाही. थापीलाही हळदकुंकू लागले.

पाडव्याला मिस्त्री नातीला घेऊन फराळाला आले. आईने थापी परत देऊ केली, तर म्हणाले, "राहू द्या, आजी. तुमाले खिळा ठोकाले कामी येईन." मग खुर्चीवर बसण्याआधी ते सवयीने त्या समोरच्या भिंतीपाशी गेले आणि बोटाच्या सांध्याने चार ठिकाणी वाजवून पाहिले. आम्ही सारे श्वास धरून उभे.

"बोलत नाई," ते म्हणाले, आणि त्यांनी चकली उचलली.